ब्रश घ्यायला निघण्याआधी जुना ब्रश बघा

रामबागेतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी बरीच वर्षं उभा आहे. "दातांना थंडा-गरम लागतंय, एखादा चांगला ब्रश दे," ही मागणी आठवड्यातून दोन-चारदा तरी येते. दात शिवशिवतात असं इंदूरची मराठी माणसं क्वचितच म्हणतात. आजूबाजूच्या हिंदीतला 'थंडा-गरम' आमच्या तोंडात पक्का बसलाय. मागणारा कोणीही असो, मी आधी विचारतो, "जुना ब्रश कसा दिसतोय?" बहुतेकांना आठवतच नाही. रोज दोनदा तोंडात घालायची वस्तू, पण तिच्याकडे बघतं कोण!

गेल्या उन्हाळ्यात एक काकू आल्या. म्हणाल्या, "मला कडकच दे रे. सॉफ्टने घासल्यासारखं वाटतच नाही." मी म्हटलं, "काकू, उद्या जुना ब्रश घेऊन या, मग देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खरंच पिशवीतून आणला. तीन आठवड्यांचा ब्रश, आणि केस दोन्ही बाजूंना फाकलेले, अंगण झाडून झाडून म्हातारा झालेल्या खराट्यासारखे. काकूंना ब्रश बदलायचा होता. बदलायला हवा होता हात.

शिवशिवणाऱ्या दातांसाठी पहिल्यांदाच मऊ ब्रश घ्यायला निघाला असाल, तर ही कामं याच क्रमाने करा.

पहिलं काम: जुना ब्रश उजेडात धरा

नीट वापरलेला ब्रश तीन महिन्यांनीही बऱ्यापैकी उभा असतो. महिन्याच्या आत केस फाकले असतील तर तुम्ही दात घासत नाही, तासता. एकाच बाजूचे केस वाकले असतील तर हात कुठे जोर करतो तेही कळतं. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दातांवर पडतो, कारण हात तिथे सरळ पोचतो आणि आपण घासायला सुरुवातही तिथूनच करतो. माझं तसंच झालं. दाढी करताना एक दिवस दिसलं की डावा सुळा उजव्यापेक्षा लांब आहे. दात वाढला नव्हता, हिरडी वर सरकली होती. ती पुन्हा आपणहून खाली येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वर्षभर वाट बघत बसलो.

हिरडी सरकली की दात का शिवशिवतात, तेही समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं. शरीरात त्याहून कठीण काही नाही. पण ते हिरडीच्या कडेपाशी संपतं. त्याखाली मुळावर पातळसा थर असतो, तो झिजायला वेळ लागत नाही. मग उघडा पडतो आतला थर, डेंटिन. डेंटिनमध्ये एकेका चौरस मिलिमीटरला हजारोंच्या हिशेबाने बारीक नळ्या असतात, आणि त्यांत द्रव भरलेला असतो. गार पाणी लागलं की तो द्रव हलतो, आतल्या नसेला ते जाणवतं आणि सणक मस्तकात जाते. त्यामुळे उपाय दोनच उरतात: नळ्यांची तोंडं बंद करणं किंवा नस शांत करणं, आणि नवी झीज थांबवणं. पहिलं पेस्टचं काम, दुसरं ब्रशचं आणि हाताचं.

दुसरं काम: हे दुखणं ब्रशने सुटणारं आहे का

गार, आंबट किंवा गोड लागल्यावर सणक आली आणि काही क्षणांत विरली, तर ही साधी शिवशिव. डिसेंबरात सकाळी गाडीवर जाताना तोंडात वारा शिरून आली तरी तीच. तिच्यासाठी ब्रश-पेस्ट बदलून बघायला हरकत नाही.

पण गरम चहाने कळ उठली आणि पाच-दहा मिनिटं थांबली नाही, रात्री झोपेतून उठवणारा ठणका असला, एकाच दाढेवर चावताना चमक आली, किंवा हिरडीला फोड, पू, हलणारा दात असलं काही असलं, तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. शहरात दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही. खर्चाची काळजी असेल तर एम. वाय. हॉस्पिटलजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

हिरड्यांतून रक्त येणं हा वेगळा मुद्दा, आणि त्यात लोक हमखास उलटं वागतात. रक्त दिसलं की घाबरून त्या जागी ब्रश लावणंच सोडतात. रक्त बहुतेकदा येतं ते तिथे चिकटलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते म्हणून. घासणं सोडलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं. मऊ ब्रशने तीच जागा हळूच, पण रोज साफ केली तर साधी सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरायला लागते. नाहीच उतरली तर दातांवर दगडासारखी घट्ट झालेली कीट असणार. ती कुठल्याच ब्रशने निघत नाही, स्केलिंगच करावं लागतं, म्हणजे डॉक्टरकडून खरवडून घ्यावी लागते. 'स्केलिंगने दात हलतात' ही समजूत मी लहानपणापासून ऐकतोय. हलत असतो तो दात आधीच. कीट त्याला धरून बसलेली असते एवढंच.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा घरात कोणी गरोदर असेल, तर रक्त येतंय हे डॉक्टरांच्या कानावर घालाच.

तिसरं काम: दुकानात पाकीट वाचा

इथे जरा रेंगाळतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथे फसतात.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सेन्सिटिव्ह', 'गम केअर', 'एक्सपर्ट' असलं काही असतं. ती नावं आहेत, माप नव्हे. माप लहान अक्षरांत असतं: एक्स्ट्रा सॉफ्ट किंवा अल्ट्रा सॉफ्ट, सॉफ्ट, मीडियम, हार्ड. दात शिवशिवत असतील तर सॉफ्ट. हिरड्या सुजलेल्या असतील, नुकतंच हिरडीचं काही काम झालं असेल किंवा मुळं उघडी पडली असतील तर एक्स्ट्रा सॉफ्ट. मीडियमकडे बघू नका. हार्ड खरं तर कोणालाच लागत नाही; तो अजून विकला का जातो हे कोडं मला या काउंटरवर उभं राहूनही सुटलेलं नाही.

हा फरक केवळ नावाचा नाही. ब्रशचे केस नायलॉनचे असतात. मऊ ब्रशचा केस साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर जाड, आणि गणित असं की तितक्याच लांबीचा केस ०.१५ चा ०.२० केला तर तो तिपटीहून जास्त कडक होतो. डोळ्यांना न दिसणारा फरक हिरडीला मात्र चांगलाच कळतो. एकाच कंपनीच्या दोन 'सॉफ्ट' ब्रशांत फरक जाणवतो तो यामुळेच.

सॉफ्ट म्हणजे कमी साफ, ही काकूंची तक्रार जुनी आहे. नायलॉनचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली आला. त्याआधी ब्रशला डुकराचे केस लावत, आणि आपल्याकडे तर राखुंडी, मीठ, बोट नाहीतर कडुनिंबाची काडी. राखुंडीने दात कसे करकर वाजत! त्या करकरीलाच आपण स्वच्छ म्हणायला शिकलो. पण दातावर रोज साचतो तो थर मऊ, चिकट असतो. त्याला काढायला मऊ केस पुरतात, फक्त ते त्याच्यापर्यंत पोचायला हवेत. आणि घट्ट झालेली कीट कडक केसांनीही हलत नाही. म्हणजे कडक ब्रशला दोन्हीकडे काही कामच नाही.

केसांची टोकं बघा. चांगल्या ब्रशची टोकं गोल घासलेली असतात, स्वस्तातल्या काहींची नुसती कापलेली, तिरपी, टोचणारी. डोळ्यांना हे सहज दिसत नाही, पण पाकीट उघडल्यावर हाताच्या पालथ्या बाजूवर कोरडाच ब्रश फिरवून बघा. खाजवल्यासारखं वाटलं तर हिरडीलाही तसंच वाटणार. हल्ली टोकाशी सुईसारखे निमुळते होत जाणारे केसही मिळतात. हिरडीच्या कडेशी ते छान शिरतात आणि सुजलेल्या हिरड्यांना झेपतात, पण जोर लावणाऱ्याच्या हातात फार लवकर फाकतात. हात हलका असेल तरच घ्या.

ब्रशचं डोकं लहान हवं. लांबी साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर, रुंदी एक-सव्वा. शेवटच्या दाढेच्या मागे पोचलं पाहिजे आणि वळलं पाहिजे. मोठं डोकं गालात अडकतं, मग आपण जोर लावतो. उमासे येणाऱ्यांनी लहान मुलांचा नाही, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठीचा ब्रश घेतला तरी चालतो. मी तोच वापरतो, त्यावर कार्टून आहे, कोणी हसत नाही.

कोळशाच्या काळ्या केसांनी दात पांढरे होत नाहीत. नागमोडी, आडवेतिडवे, तीन रंगी केस दिसायला बरे. त्यावर पैसे घालण्यात माझ्या मते अर्थ नाही. बांबूचा दांडा पर्यावरणासाठी घ्यायचा तर जरूर घ्या, पण केस त्यालाही बहुधा नायलॉनचेच असतात, तेव्हा सॉफ्ट लिहिलंय का ते तिथेही शोधा. डोक्याच्या मागच्या बाजूला जीभ घासायची खरखरीत पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर टंग क्लीनर आहेच. किमतीवरून काही ठरवू नका. साधा सॉफ्ट ब्रश महाग ब्रशाइतकंच काम करतो, हात नीट असेल तर.

इलेक्ट्रिक ब्रशबद्दल आता तरुण मुलं विचारतात. आयटीत नोकरी लागली की पहिल्या पगारात इअरफोन आणि दुसऱ्यात हा. वाईट नाही. हाताच्या ब्रशपेक्षा तो थर थोडा जास्त काढतो, असं अभ्यासांत दिसलंय. शिवशिवणाऱ्या दातांसाठी त्यात एकच गोष्ट मोलाची: जोर जास्त झाला की दिवा लागणारा किंवा थांबणारा प्रेशर सेन्सर. तो नसेल तर नुसत्या घुर्रऽऽ आवाजासाठी पैसे घालू नका. डोकं एक्स्ट्रा सॉफ्ट मिळतं का आणि बदलायची डोकी आपल्या गावात सहज मिळतात का, ते घेण्याआधी विचारा. आणि त्याने घासायचं नसतं, नुसतं दातावर टेकवून पुढे सरकवायचं असतं. हे न कळल्यामुळे मशीन चालू असताना वर हातही चालवणारे मी पाहिलेत.

चौथं काम: पहिला आठवडा हात शिकवा

नवा ब्रश मुठीत धरू नका. पेनासारखा, तीन बोटांत धरा. मुठीत जोर आपोआप येतो, बोटांत येत नाही. सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडतो, आणि सगळ्यात जास्त कंटाळाही याचाच येतो. पहिले तीन-चार दिवस ब्रश हातातून निसटल्यासारखा वाटेल.

केस हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरपे टेकवा, अर्ध्या काटकोनात. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरू द्या. मग जागच्या जागी बारीक थरथर, दहा-पंधरा वेळा, आणि शेवटी हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एक फटकारा. नंतर पुढचे दोन-तीन दात. आरीसारखं आडवं घासणं बंद. केस वाकेपर्यंत दाबलंत तर टोकं हिरडीवरून उठतात आणि केसांची बाजूच घासते. म्हणजे जोरही गेला आणि साफही झालं नाही. एकूण दोन मिनिटं. घड्याळ लावून बघा, आपली सवय पाऊण मिनिटाची असते. रोज उलट्या बाजूने सुरुवात केली तर सगळा उत्साह एकाच सुळ्यावर संपत नाही.

हिरड्या फार हुळहुळ्या असतील तर ब्रश आधी अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरा. नायलॉन भिजल्यावर आणखी मऊ पडतं. उकळतं पाणी नको, केस वाकडे होतात.

पेस्टही बदला. शिवशिवणाऱ्या दातांच्या पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नसेला शांत करतं. काहींत स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असतं, ते नळ्यांची तोंडं बुजवतं. एका दिवसात जादू होत नाही, दोन ते चार आठवडे रोज दोनदा लागतात. लोक ट्यूब अर्धी संपायच्या आत 'काही फरक नाही' म्हणून बदलतात आणि मग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

दात पांढरे करायच्या पेस्ट, लाल मंजन, कोळशाची पावडर या काळात बंद. दाताची झीज नुसत्या केसांनी फारशी होत नाही, पेस्टमधल्या खरखरीत कणांनी होते. मऊ ब्रशवर मंजन घेणं म्हणजे मखमलीच्या फडक्यात वाळू बांधून भांडं घासणं. मशेरी तर सोडाच, तिच्यात तंबाखू असते. टूथपेस्ट-मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, घरी भाजणाऱ्यांना कोण अडवणार.

आणखी एक, हे ऐकून घरोघरी भांडण होतं: घासल्यावर खळखळून चार चुळा भरू नका. फेस थुंका आणि सोडून द्या. फ्लोराइड आणि बाकीचं औषध दातावर राहिलं तर काम करेल ना! माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, "तोंडात साबण ठेवून झोपायचं का?" एक घोट पाण्याची चूळ, यावर आमची तडजोड झालीय.

दातांच्या फटीत कुठलाच ब्रश शिरत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, आणि फटी मोठ्या असतील तर फटीत घालायचा छोटा ब्रश.

पाचवं काम: इंदूरचं खाणं सांभाळा

हे लिहिल्याशिवाय इंदूरच्या माणसाला दाताचं काही सांगणं व्यर्थ आहे. सकाळी पोह्यांवर लिंबू आणि जिरावन मसाला, जिरावनात आमचूर. दुपारी जलजिरा. संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत आंबट पाणी भरलेली पाणीपुरी. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात थंडगार शिकंजी, थंडीत वर लिंबू पिळलेले गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे. आंबटाने इनॅमलचा वरचा पापुद्रा थोडा वेळ मऊ पडतो. त्याच वेळी घासलं तर तो ब्रशबरोबर जातो. म्हणून आंबट खाल्ल्यावर अर्धा-एक तास ब्रश नाही, नुसती साध्या पाण्याची चूळ.

'मग सकाळी कधी घासू?' घासा उठल्यावर, पोह्यांच्या आधी. सराफ्याचं काय? तिथून निघतानाच चूळ भरा. पार्किंगमधून गाडी काढून, गल्ल्या पार करून घरी पोचेपर्यंत अर्धा तास होतोच. मग हळूच घासून झोपा. रात्री न घासता झोपणं हे मात्र त्याहून वाईट. पुण्याहून इथे नव्याने नोकरीला आलेली माझी भाची पहिला महिना रोज रात्री सराफ्यात, आणि घरी आल्या आल्या अपराधी वाटून पाच मिनिटं रगडून दात घासायची. महिन्याभरात शिकंजीचा पहिला घोट घेताना डोळ्यांत पाणी. "मामा, मी तर दोनदा घासते!" तेच तर.

आम्लपित्त असलेल्यांना आणि गरोदरपणात उलट्या होणाऱ्यांना हाच नियम: लगेच ब्रश नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश नंतर.

सहावं काम: ठेवा कसा, बदला केव्हा

ब्रश उभा, उघडा, कोरडा. टोपण घालून ओला बंद करू नका. चौघांचे ब्रश एका पेल्यात असतील तर डोकी एकमेकांना लागू देऊ नका.

तीन महिन्यांनी बदला, केस आधी फाकले तर आधी. तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकांना सण सांगतो: गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. साधारण तीन-तीन महिन्यांचं अंतर पडतं. काही घरांत आता पाडव्याच्या सामानाच्या यादीत साखरेच्या गाठीखाली 'ब्रश ४, सॉफ्ट' लिहिलेलं असतं.

मऊ ब्रश, पेस्ट, हात सगळं महिनाभर नीट करूनही सणक तशीच राहिली, तर डॉक्टरकडे जाताना जुना ब्रश बरोबर न्या. ते दाताच्या हिरडीजवळच्या झिजलेल्या भागावर फ्लोराइडचा लेप लावतील किंवा खाच भरतील, रात्री दात खाण्याची सवय असेल तर घालायची पट्टी देतील. ती सवय आपली आपल्याला कळत नाही. बायकोला विचारा, तिची झोप मोडलेली असते.

जुना ब्रश देव घासायला चालत नाही, उष्टा असतो. गॅसच्या बर्नरला आणि नळाच्या तोटीला चालतो. तिथेही दमला की कचरागाडीच्या सुक्या कप्प्यात. ओल्यात टाकलात तर गाडीवाला दारातच परत देईल, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.